आजोळ खोडण्याचा अधिकार कुणाला?

कालिम्पाँगच्या ‘सेंट अँड्र्यूज कलोनियल होम्स’ या संस्थेतून 1908 मध्ये पहिली मुले न्यूझीलंडला रवाना झाली. 1938 पर्यंत अशा मुलामुलींची संख्या 130 वर गेली. स्कॉटिश मिशनरी जॉन अँडरसन ग्रॅहम यांनी 1900 मध्ये सुरू केलेली ही संस्था आज डॉ. ग्रॅहम्स होम्स या नावाने ओळखली जाते. तिथे सुरुवातीच्या काळात आलेली बरीचशी मुले आसाम आणि दार्जिलिंगकडच्या चहामळ्यांवर जन्मलेली होती. वडील मळ्याचे ब्रिटिश साहेब, आई त्याच मळ्यावर राबणारी किंवा आसपासच्या वस्तीतली नेपाळी, लेपचा, खासी वा आदिवासी स्त्री. लग्न क्वचितच झालेले. मळ्यावरच्या गोऱ्या समाजाला ही मुले डोळ्यांसमोर नको होती आणि विलायतेतल्या नातलगांना त्यांची कुणकुणही लागू द्यायची नव्हती. मग वडिलांनी फी भरायची, संस्थेने मुलांना इंग्रजी वळण लावायचे, आईशी असलेला संबंध सुटू द्यायचा आणि मुले हाताशी आली की त्यांना समुद्रापार पाठवायचे, अशी ती व्यवस्था होती. न्यूझीलंडमध्ये मुलगे शेतांवर कामाला लागले, मुली घरकामाला. तिथेच त्यांचे संसार झाले, आणि अनेकांनी आपल्या मुलानातवंडांजवळ मळ्याबद्दल किंवा आईबद्दल चकार शब्द काढला नाही. इतिहासकार जेन मॅकेब यांची आजी या मुलांपैकीच एक. आजीचा माग काढता काढता मॅकेब यांनी या सगळ्या स्थलांतराचा अभ्यास केला आणि 2017 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. वंशजांच्या हाती त्यानंतर बरेच काही आले, आणि त्याचे श्रेय कालिम्पाँगमध्ये जपून ठेवलेल्या फायलींना आहे. वडिलांची पत्रे, फीचे हिशेब, मुलांच्या प्रगतीचे अहवाल त्यात आहेत. आईचे नाव मात्र कित्येक ठिकाणी नाहीच. असली तर तिच्या जातीजमातीची एका शब्दाची नोंद.

कारकुनाच्या निष्काळजीपणाने हे घडले असे म्हणवत नाही. जे दप्तर फीचा आणा-पैसा टिपून ठेवते, त्याला आईचे नाव लिहिणे जड नव्हते. ते नको होते. मिश्र वंशाच्या मुलाच्या अंगातले निम्मे रक्त हे त्याचे भांडवल आणि उरलेले निम्मे हा डाग, अशा हिशेबावर ती योजना उभी होती. डाग जितका पुसट तितके मुलाचे भले, हा तिचा सिद्धान्त. असा विचार मिशनऱ्यांपुरता राहिला नाही. आपल्या राज्यघटनेतली अँग्लो-इंडियन व्यक्तीची व्याख्या पाहा. अनुच्छेद 366 मध्ये ती केवळ पित्याच्या, पुरुषांच्या वंशपरंपरेवरून ठरते. आई कोण याला त्यात जागा नाही. ज्या समूहाचा जन्मच अनेकदा भारतीय मातांच्या पोटी झाला, त्याची कायदेशीर ओळख ठरवताना त्या माता हिशेबात धरल्या गेल्या नाहीत. म्हणून माझे म्हणणे असे की, आपल्या जन्माची दडवलेली हकीकत शोधणाऱ्या माणसाकडे भावुक किंवा कृतघ्न माणूस म्हणून पाहणे आपण थांबवले पाहिजे. तो स्वतःची नोंद मागतो आहे. संस्थेच्या कपाटात असली तरी ती नोंद त्याची आहे, आणि ती त्याच्या हाती देणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

यावर पहिला आक्षेप काळाचा. शंभर वर्षांपूर्वीच्या रीतिभातींना आजच्या फूटपट्टीने मोजू नका, असे सांगितले जाते. बेल्जियमच्या सरकारने न्यायालयात नेमका हाच बचाव केला होता. बेल्जियन काँगो आणि रुआंडा-उरुंडी या वसाहतींत गोरा बाप आणि आफ्रिकन आई यांची मुले सरकारी यंत्रणेमार्फत हुडकली जात, आयांपासून तोडली जात आणि दूरच्या मिशनमध्ये टाकली जात. नावे, जन्मतारखा बदलल्या जात. काँगोतल्या कटेंडे येथील मिशनमध्ये वाढलेल्या पाच स्त्रियांनी उतारवयात ब्रसेल्समध्ये दावा लावला. 2021 मध्ये खालच्या न्यायालयात त्या हरल्या. अपील न्यायालयाने मात्र 2 डिसेंबर 2024 रोजी निकाल फिरवला, सात वर्षांखालील मुलांना केवळ त्यांच्या वंशामुळे आयांपासून हिरावणे हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवला आणि प्रत्येकीला 50 हजार युरो भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या काळी हा गुन्हा मानला जात नव्हता, हा युक्तिवाद टिकला नाही. कारण या मुली उचलल्या गेल्या तेव्हा न्यूरेंबर्गचा खटला होऊन गेला होता आणि त्यातली तत्त्वे संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलीही होती. त्याआधी 2019 मध्ये बेल्जियमच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली होती. पण मला त्या माफीपेक्षा मोलाची वाटते ती संसदेने 2018 मध्ये केलेली मागणी: या मुलांना आपापल्या नोंदी पाहता याव्यात, आपल्या आईवडिलांचा शोध घेता यावा. पुढे तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने यासाठी स्वतंत्र प्रकल्प हाती घेतला. माफीनंतरही आईचे गाव ठाऊक नसेल, तर त्या माणसाच्या आयुष्यात फार थोडे बदलते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि त्यात तथ्यही आहे. कालिम्पाँगची मुले आईजवळच राहिली असती तर मळ्यावरच्या हलाखीत वाढली असती. संस्थेने त्यांना खाऊ-पिऊ घातले, शिकवले, पायावर उभे केले. मग आता खोदकाम कशाला? ग्रॅहम यांच्या हेतूंबद्दल शंका घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. मळेवाल्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या मुलांची त्यांना मनापासून कणव होती आणि कालिम्पाँगमध्ये त्यांनी उभे केलेले काम मोठे होते. पण मुलाला अन्न, छप्पर, शिक्षण देण्यासाठी त्याच्या आईला त्याच्या आयुष्यातून वजा करावे लागते, हे कशावरून ठरले? फी परवडणारा बाप तोच पैसा मुलाला आईजवळ ठेवूनही खर्च करू शकत होता. तसे झाले असते तर बापाचे नाव चारचौघांत उघड राहिले असते, आणि नेमके तेच टाळायचे होते. भले झाले त्या मुलांचे. सोय झाली त्यांच्या बापांची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि पहिलीचे ओझे मुलांच्या डोक्यावर ठेवून दुसरी झाकता येणार नाही. उपकाराची परतफेड म्हणून मौन पाळावे, ही अपेक्षा आपल्याकडे दत्तक मुलांकडून आजही केली जाते. ज्या आईबापांनी वाढवले त्यांच्यावरची माया एवढी पातळ कशी असेल, की जन्मदात्रीचे नाव कळताच ती विरून जावी? मुलाने विचारलेल्या प्रश्नाने पालकत्वाला तडा जातो, असे मानणे हा त्या पालकांच्या मायेचाही अपमान आहे.

तिसरा आक्षेप आईच्या खासगीपणाचा, आणि मला सर्वांत गंभीर वाटतो तो हाच. लग्नाआधी किंवा लग्नाबाहेर मूल झालेल्या, ते मूल सोपवून नव्या घरात संसार थाटलेल्या बाईच्या दारात तीस वर्षांनी कुणी येऊन उभे राहिले, तर आपल्या समाजात तिचे काय होईल हे सांगायला नको. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात: माहिती मिळणे आणि भेट होणे. पहिलीवर मुलाचा हक्क आहे. दुसरी दोघांच्या राजीखुशीनेच व्हावी. ही केवळ कागदावरची विभागणी नाही, अनेक देशांनी ती अमलात आणली आहे. ग्रॅहम ज्या देशातून आले त्या स्कॉटलंडने 1930 मध्येच दत्तक व्यक्तींना मूळ जन्मनोंद पाहण्याचा हक्क दिला. कालिम्पाँगची मुले तेव्हा अजून जहाजावर चढत होती. स्कॉटलंडमधल्या या अनुभवाचा अभ्यास जॉन ट्रिसेलिओटिस यांनी केला आणि 1975 मध्ये इंग्लंड-वेल्सने तोच मार्ग धरला. आता माता-पित्यांचा छळ होईल, घरे मोडतील, अशी भीती तेव्हा जोरात व्यक्त झाली होती. ती खरी ठरली नाही. खबरदारी म्हणून, कायद्याआधी दत्तक गेलेल्यांना कागद हाती पडण्यापूर्वी समुपदेशकाशी बोलणे बंधनकारक केले होते. न्यूझीलंडने 1985 चा कायदा करताना जुन्या प्रकरणांतल्या आईवडिलांना माहिती रोखण्याची मुभा दिली, तीही दहा वर्षांच्या मुदतीची. आयर्लंडने 2022 मध्ये याहून स्पष्ट भूमिका घेतली: आईने संपर्क नको असे नोंदवले असेल, तर तिची ती इच्छा मुलाला नीट समजावून सांगायची; जन्माची माहिती मात्र त्याला द्यायचीच. फ्रान्समध्ये स्त्रीला नाव न नोंदवता प्रसूत होता येते आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2003 मध्ये ती पद्धत मान्य केली, हेही खरे. पण तिथे गुप्तता मागायची की नाही हे ती स्त्री ठरवते, आणि पुढे मुलाने विचारले तर तिचे मन बदलले आहे का हे पाहणारी यंत्रणाही आहे. मळ्यावरच्या बाईला किंवा काँगोतल्या आईला कुणी विचारले होते? तिच्या नावाने राखलेल्या गुप्ततेने दुसऱ्याच कुणाची तरी अब्रू सांभाळली.

डीएनए चाचण्या आल्या, आता कागदांची गरज काय, असेही कुणी म्हणेल. या चाचण्यांनी न्यूझीलंड, स्कॉटलंड, अमेरिकेतली पुष्कळ गुपिते फोडली आहेत. पण ही चाचणी नातलग दाखवते ते त्या नातलगांनीही चाचणी केली असेल तरच. बापाकडचे चुलत-आते वंशज श्रीमंत देशांत आहेत, हौसेने चाचण्या करतात, म्हणून ते झटकन सापडतात. मळ्यावरच्या मजूर बाईची पणती असली चाचणी करायला कुठून जाणार? तिचे रक्त अहवालात टक्केवारी म्हणून उमटते, माणूस म्हणून नाही. म्हणजे नवे तंत्रज्ञानही पुन्हा बापाच्याच घराकडे नेते. आजोळाची वाट अजून जुन्या कागदांतूनच जाते, आणि ते कागद वाळवीच्या तोंडी आहेत.

महाराष्ट्राने याचा विचार करायचा तो एवढ्यासाठी की, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुण्या-मुंबईच्या संस्थांमधून युरोपात दत्तक गेलेली मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि आपल्या नोंदी शोधत इथे येत आहेत. यांतली बहुतेक मिश्र वंशाची नाहीत, पण कपाट तसेच आहे आणि त्यातली रिकामी जागाही तीच. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक आणि थुर्गाउ या दोन कॅन्टनांसाठी संशोधकांनी 1973 ते 2002 या काळातल्या भारतीय दत्तकांच्या फायली तपासल्या, तेव्हा जन्मदात्रीने संमती दिल्याचा कागद त्यांत सापडेना. आपले 2022 चे दत्तक नियम अठरा वर्षांवरील व्यक्तीला मुळांचा शोध घेण्याची परवानगी देतात, पण त्याच वेळी हा हक्क जन्मदात्यांच्या खासगीपणाला बाधा आणणार नाही असेही बजावतात. नाव गुप्त ठेवण्याची विनंती कागदावर असेल तर जन्मदात्रीची संमती विचारायची. ती मिळाली नाही तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपवले गेले एवढे सांगायचे. नियम वाईट नाही. मात्र जिथे अशी विनंतीच नोंदलेली नाही, तिथेही ‘गोपनीय’ म्हणून फाइल मिटली जाते आणि माणसाला न्यायालयाची पायरी चढावी लागते. बालहक्क करारातील आईवडील जाणून घेण्याचा हक्क भारताने 1992 मध्ये मान्य केला आणि आंतरदेशीय दत्तकांविषयीचा हेग करार 2003 मध्ये. त्या करारानुसार मुलाच्या मूळ ओळखीची माहिती जपून ठेवणे हे आपले बंधन आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. गुप्ततेची विनंती आईने स्वतः केल्याची सही किंवा अंगठा फायलीत नसेल, तर ती विनंती होती असे गृहीत धरू नये. नकार द्यायचा असेल तर संस्थेने लेखी कारण द्यावे आणि त्यावर अपील करता यावे. आईपर्यंत निरोप पोचवायचा तो गावातल्या ओळखीपाळखीतून किंवा पोलिसांकरवी नव्हे, या कामासाठी शिकवून तयार केलेल्या बाईने एकटीने जाऊन, तिच्या घरात कुणाला सुगावा न लागू देता. बंद पडलेल्या आणि बंद पडत चाललेल्या अनाथालयांची, प्रसूतिगृहांची, मिशनांची दप्तरे शासनाने आताच ताब्यात घ्यावीत, त्यांची छायाप्रत करून ती राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या देखरेखीखाली ठेवावीत. हे शेवटचे काम सर्वांत तातडीचे आहे. नियम पुढच्या वर्षी सुधारता येईल. ज्या आया आज सत्तरीत आहेत त्यांना तेवढी सवड नाही, आणि रद्दीत गेलेली नोंदवही कोणत्याही आदेशाने परत मिळत नाही.