देवयानीचा फोटो आणि हलका हात



चाँदरातीला कोणी 'चाँद दिसला' म्हणत आला की आपले बुजुर्ग त्याला बसवून घेतात. कुठल्या बाजूला दिसला, किती वाजता, टोकं कुणीकडे होती? मनात असलेलं डोळ्यांनी पाहिलं, असं होऊ नये म्हणून. भाच्याच्या लॅपटॉपसमोर बसले असताना मला तेच आठवत होतं.

नवेगावबांधच्या बाजूला धानाच्या बांध्यांत अजून चांगला अंधार मिळतो. नोव्हेंबरात, चंद्र नसलेल्या रात्री, इशाच्या नमाजनंतर देवयानी दीर्घिका उत्तरेला उंच आलेली असते. साध्या डोळ्यांना नुसता धुरकट ठिपका. तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे 25 लाख वर्षं लागतात. इराणच्या अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी सन 964 च्या सुमारास ताऱ्यांवरच्या आपल्या ग्रंथात तिची नोंद 'लहानसा ढग' अशी केली. जुन्या ग्रीक यादीतल्या ताऱ्यांची तेजस्विताही त्यांनी स्वतः पाहून तपासली आणि जिथे पटली नाही तिथे बदलली.

भाच्याने तीस-तीस सेकंदांचे 120 फोटो काढले, म्हणजे तासाभराचा उजेड. शेवटी लेन्सला टोपण लावून तेवढ्याच वेळाचे काही काळे फोटो, कॅमेऱ्याची स्वतःची खरखर वजा करायला. दव इतकं, की लेन्स सारखी तपासावी लागे.

सगळे फोटो एकावर एक रचले तरी चित्र काळंच दिसतं. अंधारात दडलेला उजेड संगणकावर ताणून वर आणावा लागतो, आणि इथेच हात सुटतो. भाच्याचं पहिलं चित्र जांभळं-निळं, आकाश शाईसारखं. घरच्या ग्रुपवर माशाअल्लाहचा पाऊस पडला. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू? मग त्याने न रंगवलेलं चित्र शेजारी ठेवलं. देवयानीची एम 110 नावाची एक लहान, फिकट सोबतीण दीर्घिका आहे. आकाश काळं करण्याच्या नादात ती जवळजवळ पुसली गेली होती! शिवाय धार वाढवल्यामुळे प्रत्येक ताऱ्याभोवती काळं कडं.

दुसऱ्यांदा त्याने थोडं थोडं ताणलं, मधला गाभा पांढराफटक व्हायच्या आत थांबला. आकाश गडद राखाडी राहू दिलं. खऱ्या आकाशातही थोडा उजेड असतोच. गाभ्यात जुने तारे जास्त, म्हणून तो पिवळसर. बाहेरच्या बाजूला तरुण, तापलेले तारे, म्हणून निळसर झाक. हे रंग मुळातच फोटोत असतात, जरासे उचलले की पुरे. खरखर पुसण्याचं बटण त्याने फक्त रिकाम्या आकाशावर, तेही हलकेच वापरलं, नाहीतर सगळं प्लास्टिकसारखं गुळगुळीत होतं. खरखर खरोखर निम्मी करायची तर चौपट फोटो काढावे लागतात, त्याला आडवाट नाही. एआयवाल्या सॉफ्टवेअरपासून तर तो लांबच राहिला. नसलेल्या धुळीच्या रेषाही ते कधीकधी काढून देतं.

मग लॅपटॉप बंद करून झोपला. सकाळी ताज्या डोळ्यांनी पाहून रंग आणखी थोडे उतरवले.

नवीन चित्राला ग्रुपवर चारच अंगठे आले. नानीने मात्र विचारलं, "बेटा, बाजूला हा पुसट डाग कसला?" एम 110 कुठे आहे ते तो तिला अर्धा तास समजावत बसला होता.