मोजलेला कडूपणा

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघे मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, सफरचंदांच्या मुलखात त्याचे घर आहे. पहिल्याच संध्याकाळी तो मला तळघर दाखवायला घेऊन गेला. तिथे फळीवर काचेच्या चार बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीला रबरी बूच, बुचातून निघालेली वाकडी नळी, नळीत बोटभर पाणी आणि त्या पाण्यातून थोड्या थोड्या वेळाने उठणारा एक बुडबुडा. सौ.ला वाटले, सूनबाईने लोणच्याचा काही नवा प्रकार केला असावा. मला मात्र वास आला आणि मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिलो.

आंबलेल्या गोडाचा तो वास मी चाळीस वर्षे विसरलेलो नाही. माझा मोठा भाऊ हातभट्टीपायी गेला. गेला तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता. आमच्या घरात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नसे. आई शेजारीपाजारी सांगे, ‘‘त्याचं पोट बिघडलंय.’’ पोटच बिघडले होते म्हणा. पण कशाने, हे सांगायची सोय नव्हती.

‘‘दारू का रे ही?’’ मी मुलाला विचारले.

‘‘हो बाबा, दारूच आहे. लपवायचं असतं तर तुम्हाला खाली आणलंच नसतं,’’ तो म्हणाला.

तिकडे सफरचंदाच्या ताज्या रसाला सायडर म्हणतात आणि तो आंबवला की हार्ड सायडर. रस घ्यायचा, त्यात यीस्ट सोडायचे, बूच लावायचे आणि थांबायचे. यीस्ट साखर खाते, मद्यार्क तयार होतो आणि कर्बवायू नळीतून बाहेर पडतो. किती साखर सरली हे पाहायला हायड्रोमीटर नावाची काचेची कांडी असते. रसात ती १.०५० दाखवीत असेल आणि शेवटी १.००० वर आली, तर मद्यार्काचे प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास समजावे. बाजारच्या बाटलीतल्या रसात टिकाऊपणाची रसायने घातलेली असतील तर यीस्ट कामच करीत नाही; आणि साखर पुरती सरण्याआधी घाईने बाटल्या भरल्या तर त्या फुटतात. दोन्ही चुका त्याने एकेकदा केल्या होत्या. दोन्ही वहीत तारखेनिशी नोंदविलेल्या होत्या.

या वहीनेच मला बांधून ठेवले. उभा जन्म बँकेत गेलेला माणूस मी. नोंदींवर माझा जीव. तीन आठवड्यांनी बुडबुडे मंदावले तेव्हा मुलाने हिरव्या गोळ्यांचे एक पाकीट काढले. ते हॉप्स. एका वेलीच्या मादी फुलांचे हे शंकू, आणि वेल भांगेच्या कुळातली. बिअरला जो कडूपणा असतो तो हिचा. बव्हेरियाच्या १५१६ च्या नियमात बिअरसाठी पाणी, जव आणि हॉप्स या तीनच वस्तूंना मुभा होती. हॉप्सने पेय टिकते, म्हणून इंग्रजांच्या काळी मुंबई-कलकत्त्याकडे येणाऱ्या बिअरमध्ये ते सढळ हाताने घालीत. आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात या वेलीची लागवड झालेली आहे.

पण सफरचंदाच्या रसात हॉप्स कशाला? मुलाचे उत्तर साधे होते : ‘‘नुसतं सायडर कधीकधी फार सपक होतं. थोडा वास, थोडा कडवटपणा मिळाला तर बघायचं.’’

पहिल्या बरणीत त्याने काहीच घातले नाही. दुसरीत तीन ग्रॅम. तिसरीत सात ग्रॅम, चार दिवस. चौथीत सातच ग्रॅम, पण चौदा दिवस. यीस्ट तेच, रस तोच, तापमान तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते.

मी आयुष्यात दारूला शिवलो नव्हतो. त्या दिवशी चारही बरण्यांमधले एकेक चमचा घेतले. पहिली आंबट आणि पातळ. दुसरीत फारसा फरक नाही. चौथी ओल्या कडब्यासारखी लागली. तिसरी नाकाजवळ नेली आणि मी चमकलो. मोसंबीची साल नखाने खरवडावी, तसा वास! मुलगा हसला. हॉप्सच्या त्या कॅस्केड जातीला ग्रेपफ्रूटचा वास असतो म्हणाला. आणि ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस व गोड संत्रे यांचा संकर, म्हणजे आपल्या मोसंबीचे नातेवाईकच.

मग मी त्याला आमच्या मोसंबीची गोष्ट सांगितली. अंबड-घनसावंगीच्या बागांना कर्जे मंजूर करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. २०१२-१३ च्या दुष्काळात त्याच बागा वाळताना पाहिल्या. टँकरच्या पाण्यावर जगविलेली झाडे पाहिली आणि शेवटी कुऱ्हाड लागलेलीही. २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण भाव पडला की आजही तोडणीचा खर्च निघत नाही. ‘रस काढून विका’ असा सल्ला देणे सोपे आहे. मोसंबीचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडू होतो, हे कोणताही ज्यूसवाला सांगेल. फळात एक बेचव द्रव्य असते. रस निघाला की त्यातल्या आम्लामुळे त्याचे हळूहळू लिमोनिन होते, आणि लिमोनिन कडू.

गंमत अशी की हॉप्सचीही गोष्ट जवळजवळ हीच आहे. त्यातली आम्ले उकळली की त्यांचे रूप बदलते आणि खरा कडूपणा जन्मतो. सायडर उकळीत नाहीत, म्हणून त्यात हॉप्सचा मुख्यतः वासच उतरतो आणि कडूपणा बेताचा राहतो. हे माहीत असलेल्या माणसाने कडूपणा हवा तेवढा मोजून घेतला. आमच्याकडे तो न मोजता येतो आणि शेतकऱ्याच्या माथी बसतो.

इथे वाचकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे वाचून कोणी घरी बरणी मांडू नये. अमेरिकेत दोन प्रौढांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर, घरापुरती करायची मुभा आहे, विकायची नाही. घरगुती बिअरला ती १९७८ च्या कायद्याने मिळाली. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून मद्य बनविणे हा गुन्हा आहे. तो कायदा उगाच झालेला नाही. बाटली आडवी करण्यासाठी मतदानाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांच्या डोळ्यांत मी माझी आई पाहिली आहे.

माझे म्हणणे वेगळे आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा केवढा गदारोळ झाला! एक बाजू शेतकऱ्याचे नाव घेत होती, दुसरी संस्कारांचे. पण वाद सगळा विक्रीचा. कोणते फळ आंबवले तर काय होते, कडूपणा कसा काढावा, किती ठेवावा, हे ज्ञान गावात कोणाकडे असावे, याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. आंबविण्याची विद्या आपल्याकडे एक तर कारखान्यात आहे, नाही तर ओढ्याकाठी लपलेल्या भट्टीत. मधल्या जागेत कोणी नाही.

ती मधली जागा भरायला हवी. बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे, खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. त्यांच्या देखरेखीखाली, रीतसर परवान्याने, शेतकऱ्यांच्या छोट्या गटांनी चार-चार बरण्यांचे प्रयोग का करू नयेत? रस टिकेल, शिरका जमेल, फळाची वाइन जमेल किंवा काहीच जमणार नाही. न जमल्याची नोंदही उपयोगाची असते. याच जिल्ह्यातल्या कडवंचीने नव्वदीच्या दशकात पाणलोटाचे काम केले, पावसाचे पाणी अडवले, शेततळी केली आणि कोरड्या मुलखात द्राक्षे पिकविली. मोजून काम करणे आम्हाला जमत नाही, असे मी तरी म्हणणार नाही.

‘म्हणजे तुम्ही दारूला प्रतिष्ठा देता,’ असा आक्षेप येईल. ज्या घरातून दारूने माणूस नेला त्या घरचा मी आहे. हा आक्षेप मला झोंबतो. पण आमचे घर अज्ञानाने वाचले नाही, गप्प बसण्यानेही वाचले नाही. दादा किती पितो, कुठे पितो, काय पितो, यातले काहीच कोणी मोजले नाही, कारण मोजायचे तर आधी नाव घ्यावे लागले असते.

परतायच्या आदल्या रात्री आम्ही पुन्हा तळघरात गेलो. मुलाने चौथी बरणी मोरीत ओतली आणि वहीत लिहिले, ‘चौदा दिवस जास्त झाले.’ मग मी त्याला त्याच्या काकांबद्दल पहिल्यांदा सगळे सांगितले. त्याने वही मिटली आणि शेवटपर्यंत ऐकून घेतले.