आळ घेणाऱ्यालाच कायद्याने रोखा

डिसेंबर 2011 मध्ये सौदी अरेबियात जादूटोण्याच्या आरोपावरून एका स्त्रीचा शिरच्छेद झाला. अशी बातमी आली की ‘त्यांच्या धर्मातच तसे आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. आम्हाला हे पटत नाही. इस्लामी कायद्यात व्यभिचाराचा आरोप करणाऱ्याला चार साक्षीदार आणावे लागतात. आणता आले नाहीत तर त्यालाच ऐंशी फटके सांगितले आहेत. जादूटोण्याला देहदंड द्यावा का, यावर तर जुन्या मुस्लिम धर्मशास्त्रींचेही एकमत नव्हते. खरी खोट खटल्यात होती. जादूटोणा म्हणजे काय, याची लिखित व्याख्याच नव्हती. सारे काही न्यायाधीशाच्या मतावर. ‘मी जादू केली नाही’ हे कोणी सिद्ध कसे करायचे?

आपल्याकडे तर न्यायाधीशही लागत नाही. सातपुड्यात, नंदुरबारच्या पाड्यांवर मूल दगावले की भगत बोट दाखवतो आणि बाई डाकीण ठरते. तिला ना साक्षीदार, ना वकील, ना अपील.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यात महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा केला. करणी-चेटकाचा आळ घेऊन एखाद्याचे जगणे मुश्कील करणे हा आता तेथे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. दाभोलकरांच्या खुनाच्या खटल्यात मे 2024 मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे पुराव्याअभावी सुटले. मन हळहळते, पण पुरावा मागतो तोच न्याय.

डाकीण म्हणून बाईला मारणाऱ्यांना सरसकट फाशी द्या, असेही काही जण म्हणतात. फाशीने गेलेली बाई परत येत नाही. कायदा आळ घेतला त्याच दिवशी धावून आला पाहिजे.

गुजरातनेही ऑगस्ट 2024 मध्ये असा कायदा केला. हे दोन्ही कायदे आपल्या दादरा-नगर हवेलीच्या वेशीवर थांबतात. आपल्याला विधानसभा नाही. पण घटनेच्या कलम 240 नुसार राष्ट्रपती आपल्यासाठी नियम करू शकतात. प्रशासनाने तसा प्रस्ताव दिल्लीला पाठवावा, खासदारांनी त्याचा पाठपुरावा करावा, आणि तो मराठी, गुजराती, वारली अशा सर्वच समाजांनी मिळून मागावा. सिल्वासातील मराठी माणसाने यात पुढे असावे, असे आम्हाला वाटते.