माळ्यावरचं पितळेचं इंजिन

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधी माळा काढायला घेतला की आपले हात कसे शिवशिवायला लागतात! दिसेल ते पितळ खाली येतं, चिंच भिजत पडते, राख चाळली जाते आणि संध्याकाळपर्यंत घंगाळापासून समईपर्यंत सगळं लख्ख. पितळ उजळायच्या युक्त्या या पानावर मीच तुम्हाला कितीदा तरी सांगितल्या आहेत. आज मात्र उलटं सांगायला बसले आहे. माळ्यावर आगगाडीचं छोटं इंजिन सापडलं, तर त्याला चिंचेचा हात लावू नका.

तुम्ही म्हणाल, आमच्या माळ्यावर इंजिन कुठून यायचं? आमच्याकडे आलं होतं, म्हणून तर सांगते आहे.

माझं सासर वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या पायथ्याजवळचं. १९८१ साली लग्नानंतरची माझी तिथली पहिली दिवाळी. नव्या सुनेचा उत्साह तो! सासूबाई म्हणाल्या, "माळ्यावरचं काय असंल ते काढ." मी सगळं काढलं. तांब्या-पेल्यांच्या मागे, फडक्यात गुंडाळलेलं, वीतभर लांबीचं एक काळं इंजिन होतं. जड होतं. नखाने जरा खरवडलं, तर आत पितळ! मग काय, चिंचेचा कोळ, वर राख, आणि काथ्या घेऊन तासभर घासलं. काळा रंग गेला, बाजूला पांढऱ्या रंगात काहीतरी आकडे होते तेही गेले. सोन्यासारखं झालं. मी ते देवळीत समईशेजारी मांडून ठेवलं.

संध्याकाळी मामंजी रानातून आले. त्यांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि खाली ठेवलं. "भांडं चांगलं निघालं की, सूनबाई," एवढंच म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

ते 'भांडं' मला अजून ऐकू येतं.

मामंजी रेल्वेत होते. पुण्याच्या लोकोशेडमध्ये सफाईवाला म्हणून लागले, मग फायरमन झाले, पुढे शंटर म्हणून निवृत्त झाले. शेडमधल्या एका फिटर मित्राने निरोपाची भेट म्हणून पितळेच्या तुकड्यांतून ते इंजिन घडवलं होतं. बाजूचे आकडे म्हणजे मामंजींनी सगळ्यात जास्त वर्षं ज्या इंजिनात कोळसा टाकला, त्याचा नंबर होता. हे मला दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं. तोवर नंबर चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेला होता.

आता गंमत पाहा. आमच्या भोर-वेल्ह्याला आगगाडी कधी आलीच नाही. भोर पंतसचिवांच्या संस्थानचं गाव. तिथे राजवाडा झाला, शेजारी भाटघरचं धरण झालं. पण रूळ नाहीत. पुणे-मिरज लाईन जेजुरी, नीरा, लोणंद करत बाजूने निघून गेली. वेल्ह्याच्या मुलाला आगगाडी पाहायची, तर आधी नसरापूरवरून मोटारीने पुणं गाठायचं. आणि तरी आगगाडीच्या इतिहासात 'भोर घाट' हे नाव ठळक! माहेरी शाळेत असताना मला वाटे, हा घाट भोरला असेल. पण भोरहून कोकणात उतरतो तो वरंध घाट. रेल्वेच्या कागदांत भोर घाट लिहितात तो खंडाळ्याचा, आपण ज्याला बोरघाट म्हणतो तो.

या घाटाची गोष्ट आपल्या मुलांना सांगण्याजोगी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. पाच वर्षांत, १८५८ साली, पुणं ते खंडाळा गाडी धावू लागली. मुंबईकडूनही गाडी घाटाखाली खोपोलीपर्यंत येत होती. मधे मात्र सह्याद्री आडवा! तेवढा टप्पा उतारूंनी पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी पार करायचा. घाटाचं काम १८५६ ते १८६३ असं चाललं. जेमतेम सोळा मैलांची वाट, पण तिच्यात २५ बोगदे, आणि चढ काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट. चढ इतका खडा की खंडाळ्याजवळ एका ठिकाणी गाडी थांबवून, इंजिन सोडून, दुसऱ्या टोकाला जोडावं लागे आणि गाडी उलट दिशेने वर निघे. ही कसरत १९२९ साली नवा मार्ग झाला तेव्हा संपली.

या कामाचं कंत्राट १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजाकडे आलं. तो इथे आला आणि त्याच वर्षी आजाराने गेला. मागे राहिली बायको, ॲलिस. परका देश, नुकतं आलेलं वैधव्य, आणि डोक्यावर अर्धा डोंगर फोडायचं काम! बोट धरून मायदेशी गेली असती, तरी कोणी नाव ठेवलं नसतं. तिने कंत्राट सोडलं नाही. जाणत्या इंजिनियरांच्या हाती देखरेख दिली आणि काम तडीला नेलं.

ॲलिसबाईचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण मैत्रिणींनो, त्या घाटात एका वेळी ४० हजारांहून अधिक माणसं राबत होती. त्यांत बायका होत्या, पोरं होती. फोडलेला दगड-माती डोक्यावरच्या पाटीतून वाहणारी. पटकी आणि तापाने हजारो मेली. ॲलिसबाईचं नाव पुस्तकात आलं. पाटीवालीचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. मामंजींच्या इंजिनावरचा नंबर पुसला गेला, तेव्हा त्या पुसून टाकणाऱ्यांत मीही बसले, असं मला पुढे वाटू लागलं.

वाफेचं इंजिन चालतं कसं, हे कळायला आपल्याला इंजिनियर व्हायला नको. स्वयंपाकघर पुरे! भट्टीत कोळसा जळतो. त्याची धग बॉयलरमधल्या नळ्यांतून जाते आणि भोवतीचं पाणी उकळतं. वाफ कोंडली की दट्ट्या ढकलते, दट्ट्या दांडा हलवतो आणि दांडा चाक फिरवतो. वापरलेली वाफ धुराड्यातून फक् फक् करत वर जाते, आणि त्या ओढीने भट्टीत हवा खेचली जाते. म्हणजे इंजिन आपली फुंकणी आपणच फुंकतं! कुकरच्या झाकणावर, पाणी आटलं तर वितळून वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो ना? तसंच शिशाचं बूच इंजिनाच्या भट्टीच्या माथ्यावर असे. ते वितळण्याची पाळी येऊ न देणं हीच फायरमनची अब्रू. मामंजी म्हणत, कोळसा ढिगाने टाकायचा नाही, पसरून टाकायचा. भाकरीला जाळ सारखा लागावा तसा.

ही इंजिनं आता गेली. चित्तरंजनच्या कारखान्यात वाफेचं शेवटचं इंजिन १९७२ साली तयार झालं, आणि ब्रॉडगेजवरची वाफेची नेहमीची गाडी १९९५ साली थांबली. म्हणून तर छोट्या इंजिनांचं मोल वाढलं. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ सालीच रुळांसकट खेळण्यातली आगगाडी बाजारात आणली. इंग्लंडच्या हॉर्नबीची गाडी १९२० सालची. आपल्याकडे ही इंजिनं परदेशी गेलेल्या काकांच्या बॅगेतून आली, किंवा शेडमधल्या कारागिरांच्या हातून.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय उभं केलं. ते १९९८ साली लोकांना खुलं झालं. तिथे मी माझ्या पुतण्याला घेऊन गेले होते. सिग्नल पडतात, गाड्या एकमेकींना वाट देतात, छोट्या गावात दिवे लागतात, पोरगं हलेना! तिथली मापं 'एच ओ' नावाची, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी. हे माप परदेशी रुळांवरून ठरलेलं आहे. आपला ब्रॉडगेज त्याहून रुंद, १६७६ मिलिमीटरचा. म्हणून आपल्याकडचं इंजिन या छोट्या रुळांवर चालवायचं, तर बिचाऱ्याला पाय जरा जवळ घ्यावे लागतात.

असो. आता कामाचं सांगते. लिहून ठेवा.

चिंच, लिंबू, राख, पितळेची पावडर, साबणाचं पाणी यांतलं काही नको. आंबट सांध्यांत राहतं आणि महिन्याभराने हिरवं होऊन बाहेर येतं. जुना रंग, अक्षरं, आकडे हेच त्या वस्तूचं मोल. ते गेलं की उरतं नुसतं वजन. धूळ झटकायला दाढीचा नवा, कोरडा ब्रश घ्या. इंजिन धुराड्याला किंवा दांड्यांना धरून उचलू नका. तळाशी हात घाला.

चाक अडखळत असेल, तर शिवणयंत्राचं तेल सुईच्या टोकाने एक थेंब आसाला लावा. खोबरेल किंवा तिळाचं तेल नको, ते पुढे चिकट होऊन बसतं. प्लास्टिकला आणि रंगाला तेल लागू देऊ नका.

किल्लीचं इंजिन ठेवताना स्प्रिंग सैल होऊ द्या. सेलचं असेल तर सेल काढून ठेवा. फुटले की आतलं सगळं खातात. विजेवरचं असेल, तर ते त्याच्याच ट्रान्सफॉर्मरवर चालवा. भिंतीतल्या प्लगला थेट जोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

खरी वाफ करणारी छोटी इंजिनंही असतात. त्यांत पाणी कमी असताना खाली दिवा लावू नये, आणि ती मोठ्या माणसानेच चालवावीत. जुन्या रंगीत खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं. रांगत्या बाळाच्या हाती ती देऊ नका, तोंडात जायला वेळ लागत नाही.

पावसाळ्याचं काय? आमच्या वेल्ह्याच्या पावसात पापडाचाही भरवसा नसतो. म्हणून बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर इंजिन ठेवू नका. जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा खळ न घालता धुवून वाळवा, त्यात गुंडाळा, खोक्यात ठेवा. औषधांच्या बाटलीत किंवा नव्या पर्सच्या खिशात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या येतात, त्यांतल्या दोन-तीन टाका. डांबराच्या गोळ्या मात्र साड्यांपुरत्याच! त्यांच्या वासाने प्लास्टिक आणि रंग मऊ पडतो. घट्ट प्लास्टिकची पिशवी आणि वर्तमानपत्राचा कागदही नको. कंपनीचं मूळ खोकं असेल, तर फाटकं असलं तरी टाकू नका.

आणि भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

हे शेवटचं मी वेळेवर केलं नाही. त्या दिवाळीनंतर सात वर्षं मला धीरच झाला नाही. १९८८ च्या पावसाळ्यात मामंजी अंथरुणाला खिळले होते. एक दिवस इंजिन त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं, "मामंजी, नंबर काय होता हो यावर?" त्यांनी बराच वेळ आठवलं. बोटं हलवली, दोन आकडे जुळवले, पुन्हा मोडले. मग म्हणाले, "न्हाई येत, पोरी. पण पोटात आग चांगली धरायचं." आणि मग फायरमनच्या रात्रींबद्दल बोलत राहिले. शेडमधला पहाटेचा चहा, पावसात ओला झालेला कोळसा, सुट्टीला गावी येताना नसरापूरपासून केलेली पायपीट. मी कोपऱ्यात बसून सगळं वहीत उतरवलं.

ते इंजिन मी पुन्हा काळं रंगवलं नाही. खोक्यात एक कागद ठेवला आहे. त्यावर कोणाचं, कोणी केलं, कुठल्या शेडमधलं, हे लिहिलं आहे. खाली लिहिलं आहे, 'नंबर १९८१ च्या दिवाळीत माझ्या हातून पुसला गेला.' पुतण्याने तो वाचला आणि म्हणाला, "काकू, हे कशाला लिहिलंस?" म्हटलं, "अरे, पुढे कोणी नंबर शोधत बसायला नको."

तर यंदा माळा काढाल तेव्हा पितळ जरूर उजळा. पण इंजिन दिसलं, तर आधी कागद-पेन्सिल घ्या आणि चिंच नंतर भिजवा. तुमच्या घरी असं काही निघालं, तर या पानाकडे जरूर लिहून पाठवा. पुढच्या वेळी पाहू कल्हईच्या भांड्यांचं.