काठ सरकतो, तिथे हट कुठे बांधणार?

महामार्गाच्या पुलाखालून जाणारी मुठा पुढे कुठे जाते, याचा विचार आम्ही वारजेकर फारसा करत नाही. संगमावर ती मुळेला मिळते, कवडीपाटच्या जुन्या बंधाऱ्यावरून फेस काढत उतरते, रांजणगाव सांडसजवळ भीमेत शिरते आणि भिगवणच्या परिसरात उजनीच्या पाण्यात पसरते. खडकवासल्याचं पाणी आपण पितो, वापरतो आणि त्यातलं बरंचसं धड शुद्ध न करताच नदीत सोडून देतो. हिवाळ्यात गाडी काढून शंभर किलोमीटरवर रोहित पक्षी बघायला गेलो, की आपलंच सांडपाणी आपल्याआधी तिथे पोचलेलं असतं. पाहुणे म्हणून आपली पत एवढीच.

तरी पाहुण्यांच्या मागण्या असतातच. सोसायटीतली मंडळी भिगवणहून परतली, की फोटोंमागोमाग तक्रारी येतात. बसायला जागा नाही, सावली नाही, काठावर दोन-चार चांगली ‘हट’ बांधायला काय हरकत आहे? ही मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कुंभारगावला किंवा डिकसळला भल्या पहाटे होडीत बसावं लागतं. तेव्हा पाण्यावरचं गार वारं कानात शिरतं आणि दहा वाजता तेच पाणी डोळ्यांवर आरसा धरतं. काठावर झाड असलंच तर वेडी बाभूळ, म्हणजे सावली बेताची आणि काटे भरपूर. म्हाताऱ्या माणसांना टेकायला जागा लागते. बायकांची अडचण तर बोलूनही दाखवली जात नाही. तीन-चार तास पाणी न पिता पक्षी बघणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत.

पण हट बांधायचं कुठे? काठावर, असं सहज म्हणून जातो आपण. उजनीचा काठ एका जागी राहतच नाही.

उजनी हे निसर्गाने दिलेलं सरोवर नव्हे, १९८० साली पूर्ण झालेलं धरण आहे. कागदोपत्री नाव यशवंतसागर. एकूण साठा ११७ टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा. म्हणून उन्हाळ्यात ‘धरण मायनसमध्ये गेलं’ असं इथलं शेंबडं पोरही सांगतं. घाटमाथ्यावर पाऊस झाला, की पाणी चढतं. पुढे कालव्याला आणि नदीला आवर्तनं सुटू लागली, की उतरत जातं. जमीन सपाट असल्यामुळे पातळी थोडी उतरली, तरी काठ पार लांब सरकतो. उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत शेतकरी पिकं घेतात. पाणी फारच खाली गेलं, तर पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर वर येतं आणि आपण त्याचेही फोटो काढायला धावतो. त्या पाण्याखाली कित्येकांची घरं, गोठे, चावड्या गेल्या आहेत, हे फोटोत येत नाही.

रोहित पक्ष्यांना हेच ओसरणारं पाणी हवं असतं. लांब पाय आणि उलटी चोच घेऊन उथळ चिखल गाळून खाणारा हा पक्षी आहे. धरण तुडुंब राहिलं, तर तो उशिरा येतो. पाणी उतरेल तसा तो चिखलामागोमाग सरकतो. आता सांगा, जानेवारीत पाण्याला लागून बांधलेलं पक्कं हट मे महिन्यात कुठे असेल? एखाद्याच्या भुईमुगाच्या वावरात. आणि सप्टेंबरात? पाण्यात.

आमच्या वारज्याच्या स्मृतिवनात हा प्रश्न येत नाही. वनखातं, महापालिका, संस्था आणि लोक यांनी मिळून सोळा-सतरा हेक्टर उजाड टेकडी हिरवी केली. २०२० साली केंद्र सरकारने नगरवन योजना जाहीर केली, तेव्हा हीच टेकडी देशाला नमुना म्हणून दाखवली गेली. तिथे बाक टाकला, छप्पर घातलं, तर दहा वर्षांनीही ते झाडाशेजारीच राहील. टेकडी जागची हलत नाही. शहरातली बागेची कल्पना घेऊन आपण पाणथळीवर जातो, घोळ होतो तो इथे. पेव्हर ब्लॉक, सिमेंटचा झाडाच्या बुंध्यासारखा रंगवलेला खांब, वर निळा पत्रा, शिवाय उद्घाटनाची कोनशिला. असली ‘निसर्गरम्य’ बांधकामं मी इतर तलावांकाठी इतकी पाहिली आहेत, की कोनशिला दिसली की पक्षी दिसणार नाहीत, अशी माझी खूणगाठ झाली आहे.

सरकत्या काठावर राहायचं कसं, हे इथल्या लोकांना शिकवायला नको. पक्ष्यांचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकच. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोड कामगार येतात आणि फडाजवळच्या मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कामट्यांची कमान, वर चटया, पाचट, अलीकडे प्लास्टिकचा कागद. हंगाम संपला, की सगळं गुंडाळून ट्रॅक्टरवर चढवायचं. मागे फक्त चुलीचे काळे दगड उरतात. कोपीत राहणं ही हौस नव्हे. वीज नाही, संडास नाही, विंचूकाट्याची भीती, आणि अशात तान्ही पोरं. त्यामुळे पाचटाचं छप्पर घालून ‘इको हट’ म्हणून रात्रीचे काही हजार घ्यायचे, ही कल्पना मला ओशाळवाणी वाटते. घ्यायचा तर कोपीचा हिशेब घ्यावा. हलकं सामान, एका दिवसात उभं राहणारं, एका दिवसात निघणारं, खाली पाया न खोदता. आणि पहिला संडास पर्यटकांसाठी होणार असेल, तर त्याची किल्ली शेजारच्या कोप्यांनाही मिळावी.

पाण्याकाठी खरी गरज हटची नाहीच, लपणाची आहे. बाहेरच्या जगानेही हे खटाटोप करूनच शोधलं. १९०० साली इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी पक्ष्यांचे फोटो घेण्यासाठी चक्क पेंढा भरलेला पोकळ बैल तयार करून घेतला आणि कॅमेऱ्यासह त्याच्या पोटात शिरले. गुराला पक्षी भीत नाहीत, हे त्यांनी हेरलं होतं. भिगवणला ते रोज फुकट दिसतं. म्हशी पाण्यात बसलेल्या असतात आणि बगळे त्यांच्या पाठीवर. जाळं ओढणारा कोळी जवळून गेला, तरी शेकाटे जेमतेम चार पावलं सरकतात. रंगीत जॅकेट घातलेला माणूस होडीत उभा राहिला, की मात्र सगळा थवा मान वर करतो.

लपण बांधायला अक्कल लागते, खर्च नव्हे. उंची बसण्यापुरती. समोर डोळ्याच्या पातळीवर आडवी फट. मागची बाजू पूर्ण बंद, कारण मागून उजेड आला, की आतली हालचाल बाहेर दिसते. सकाळी बघायचं असेल तर सूर्य पाठीशी. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तिथवर जायची वाट दोन्ही बाजूंनी कुडाने झाकलेली. नाहीतर माणसं वाजतगाजत लपणात शिरतात आणि आत बसून रिकामं पाणी बघतात. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. तिथे निरीक्षण मनोरे आहेत आणि दुर्बिणीतून लांबवर बघायला ते चांगलेच. पण मनोऱ्यावरचा माणूस आभाळावर उमटतो. उजनीच्या उघड्या चिखलावर मनोरा म्हणजे बुजगावणं.

जागा कुठली, हे ठरवायला सल्लागार कंपनी नको. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, तरी नवेगावबांधच्या जलाशयाची ओळख त्यांनी माधवराव पाटलांसारख्या तिथल्या जाणत्या माणसाच्या संगतीत करून घेतली. कुंभारगावचे होडीवाले मुळात मासेमारीवर जगणारे. चिलापी कुठे लागते आणि पट्टकादंब सकाळी कुठल्या पट्टीवर उतरतात, दोन्ही त्यांना पाठ. लपणं त्यांच्या गटाने बांधावीत, सरकवावीत, बसायचे पैसेही त्यांनीच घ्यावेत.

पक्कं बांधकाम हवंच, पण ते पाण्याकाठी नव्हे. धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्याच्याही वर, गावच्या रस्त्यालगत. संडास, पिण्याचं पाणी, भिंतींची आणि मजबूत छताची एक शेड, वर वीजरोधक. ही चैन नाही. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला येणारी होडी याच पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. ते सहलीला आलेले नव्हते, नेहमीच्या वाटेने पलीकडे निघाले होते. उन्हाळ्यात दुपार उलटल्यावर इथे वळवाचं वारं किती झटकन उठतं, हे शहरातून आलेल्याला कळत नाही आणि होडीवाल्याला कळलं, तरी गिऱ्हाईक ‘अजून एक चक्कर’ म्हणून हट्ट धरतं. लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय होडी सुटू नये आणि आभाळ भरलं की होडीवाल्याने कुणालाही न विचारता परत फिरावं, हा नियम तिथल्या कुठल्याही हटपेक्षा आधी हवा.

लपणं होतील तेव्हा होतील. तोवर या हिवाळ्यात जाणार असाल, तर मातकट रंगाचे कपडे घाला, होडीत बसून राहा आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. उडत्या थव्याचा फोटो मिळावा म्हणून वर शंभर-दोनशे देऊन ‘जरा जवळ घ्या, उडवा त्यांना’ असं होडीवाल्याला सांगू नका. त्याला ते नकोच असतं, पण घर चालवायचं असतं. ते पैसे त्याला थवा न उडवल्याबद्दल द्या.