इंग्रजीत एम.ए. करून काय होणार?



जूनमध्ये बहिणीकडे कर्जतला गेलो होतो. भाची बी.ए. झाली. आता मुंबई विद्यापीठात इंग्रजी साहित्याच्या एम.ए.ला अर्ज करायचा म्हणते. दाजी चिडले. "लावणीला माणूस मिळत नाय, आन् ही चालली कलिन्याला!"

दाजींची काळजी खोटी नाही. कर्जत-खालापूरच्या पोरांना पहाटेची लोकल धरून कुर्ल्याला उतरावे लागते. नुसत्या एम.ए.वर प्राध्यापकी मिळत नाही. ५५ टक्के गुण हवेत, वर नेट किंवा सेट. कायम जागाही थोड्याच. हे सारे मुलीला आधीच सांगावे. पण अर्ज अडवू नये.

खानदेशातल्या सांगवीचे, शेतकरी घरातले भालचंद्र नेमाडे १९६४ साली याच विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. झाले. लंडनपर्यंत शिकवून आले, आणि २०१४ चे ज्ञानपीठ मिळवले ते मराठी लेखनासाठी. परकी भाषा शिकून माणूस घराला पारखा होतोच असे नाही.

मी दाजींना एवढेच म्हटले, "आम्ही आडसाली उसासाठी दीड वर्ष कळ काढतो. पोरीसाठी दोन वर्षं काढायला काय हरकत?"

दाजी गप्प बसले. सभासदांनो, तुमच्या घरी हा प्रश्न आला तर तुम्ही काय सांगाल?

— एक ऊस उत्पादक सभासद