चौघांचा प्रभाग, उत्तरदायी कोण?

ठाणे महापालिकेच्या १३१ जागांचा निकाल १६ जानेवारी २०२६ रोजी जाहीर झाला. शिवसेनेला ७५ आणि भारतीय जनता पक्षाला २८ जागा देऊन ठाणेकरांनी महायुतीच्या पदरात निर्विवाद बहुमत टाकले. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या सभागृहाची जागा जवळजवळ चार वर्षे प्रशासकाने घेतली होती. ती राजवट संपली, याचे स्वागतच केले पाहिजे. हिंदुत्वाच्या विचाराला मिळालेला हा कौल आहे, हेही निःसंशय. परंतु गुलाल धुतला गेल्यावर माजिवड्यातील मतदाराच्या मनात उरणारा प्रश्न पक्षाचा नाही. आपला नगरसेवक नेमका कोणता, हा तो प्रश्न आहे.

माजिवडा हे १९८२ साली महापालिका स्थापन झाली तेव्हा ठाणे शहरात आलेले गाव. एका बाजूस जुने गावठाण, दुसऱ्या बाजूस घोडबंदर रस्त्याच्या कडेने उभी राहिलेली बहुमजली संकुले. गावठाणातील रहिवाशाला घराच्या मालकीची नि सीमांकनाची चिंता, संकुलातील रहिवासी पाण्याच्या टँकरचा हिशेब मांडत बसलेला, आणि नाक्यावरच्या वाहनकोंडीने दोघेही त्रस्त. तक्रारीचा कागद घेऊन यांनी जायचे कोणाकडे? चौघांपैकी प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवू शकतो. काम झाले तर मात्र एकाच गटारावर श्रेयाचे चार फलक लागतात!

२०११ च्या जनगणनेनुसार ठाण्याची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार. त्यासाठी प्रभाग ३३. त्यांतील ३२ चारसदस्यीय, एक त्रिसदस्यीय. म्हणजे एका प्रभागात सरासरी ५५ हजारांहून अधिक माणसे आली. राज्यात ४० हजारांवरील लोकवस्तीच्या गावाला ‘ब’ वर्गाची स्वतंत्र नगरपरिषद मिळते. तिच्याहून मोठा हा प्रभाग. इतक्या पसाऱ्यात मतदार चार उमेदवारांना ओळखणार कसा? तो चिन्ह ओळखतो आणि वेगवेगळ्या रंगांच्या चार मतपत्रिकांवर तेच चिन्ह शोधत चार वेळा कळ दाबतो. पक्षसंघटना बळकट होण्यास हे पोषक असेलही. परंतु पक्षाचा आधार नसलेल्या सचोटीच्या कार्यकर्त्याला ही वाट जवळपास बंद होते.

बरे, ही पद्धत तरी स्थिर आहे काय? मुंबई वगळता राज्यातील महापालिकांमध्ये २००२ साली त्रिसदस्यीय प्रभाग होते. २००७ मध्ये एक सदस्य, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. महाविकास आघाडीने २०१९ च्या अखेरीस एकसदस्यीय प्रभागाचा निर्णय घेतला आणि दोनच वर्षांत स्वतःच तो फिरवून तीनवर नेला. २०२२ च्या सत्तांतरानंतर पुन्हा चार. शेजारच्या डोंबिवलीकराने २०१५ साली एक मत दिले, २०२६ साली बहुतेक प्रभागांत त्याच्यापुढे चार जागा होत्या. काही जागांवर तर उमेदवार आधीच बिनविरोध ठरल्याने मत देण्याचा प्रश्नच उरला नाही. विरोधकांनी केलेला बदल सोयीचा आणि आपल्या मित्रांनी केलेला तेवढा सुधारणेचा, असा निवाडा हे साप्ताहिक देणार नाही. खेळाडूनेच प्रत्येक सामन्यापूर्वी मैदानाच्या रेषा आखाव्यात, हे कोणीही केले तरी अनुचितच.

बहुसदस्यीय पद्धतीच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र आम्हाला महत्त्वाचा वाटतो. एकसदस्यीय प्रभागात आरक्षित जागा म्हणजे ‘त्यांची जागा’ अशी भावना बळावते. चौघांच्या प्रभागात एकच मतदार एकाच वेळी अनुसूचित जातीच्या भगिनीला, इतर मागासवर्गीय बंधूला आणि खुल्या जागेवरील उमेदवाराला मत देऊ शकतो. समरसतेच्या दृष्टीने याचे मोल कमी नाही. त्यामुळे केवळ आकडा चारवरून एकवर आणल्याने सारे साधेल, असे आम्ही म्हणत नाही. उत्तरदायित्वाची सोय झाली पाहिजे, हे आमचे म्हणणे आहे.

ती सोय या भूमीला अपरिचित नाही. तामिळनाडूतील उत्तरमेरूर येथील चोळ राजा परांतक पहिला याच्या काळातील शिलालेखांत, इसवी सनाच्या दहाव्या शतकात, गावाचे तीस प्रभाग पाडून प्रतिनिधी निवडण्याचे नियम कोरलेले आहेत. पूर्वी पद भूषवून हिशेब न देणारा तर अपात्रच, त्याचे निकटचे नातलगही अपात्र! आजच्या आपल्या कित्येक प्रभागांना हा शेवटचा नियम लावला तर उमेदवार मिळणे कठीण होईल.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. याच ठाण्याचे १९७७ आणि १९८० मध्ये लोकसभेत प्रतिनिधित्व करणारे रामभाऊ म्हाळगी आपल्या कार्याचा अहवाल छापून मतदारांपुढे ठेवत. कायद्याने तसे बंधन नव्हते. त्यांच्या नावाची प्रबोधिनी उत्तन येथे आज लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते.

नव्या सभागृहातील १३१ जणांपैकी किती जण असा अहवाल छापतील? २००९ च्या कायद्याने सांगितलेल्या क्षेत्रसभा कागदावरून माजिवड्याच्या एखाद्या मैदानात उतरवण्याचा आग्रह त्यांनी धरावा. प्रभागाचे चार भाग पाडून कोणता भाग कोणाचा, हे चौघांनी सह्यांनिशी जाहीर करावे आणि तो कागद प्रभाग समितीच्या कार्यालयात लावावा. विधिमंडळाने प्रभागाची सदस्यसंख्या ठरवायची ती निवडणुकीच्या तोंडावर नव्हे, आताच, पुढील निवडणुकीला अवकाश असताना ठरवावी.